वाळूतली पंगत

ही गोष्ट फार जुनी आहे, इतकी जुनी की त्यातल्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही.

एका नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं होती. पाण्यावरून त्यांच्यात सतत लढाया होत. शेवटी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, तलवारी ठेवा आणि चेंडू खेळा. तेव्हापासून दर हिवाळ्यात नदीच्या वाळूत पायचेंडूचे सामने होऊ लागले. जो हंगाम जिंकेल, त्याच्या शेतांना आधी पाणी.

एक रीत मात्र कडक होती. सामना संपला की जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पंगतीत बसवायचं, आपल्या हाताने वाढायचं आणि म्हणायचं, "सावकाश होऊ द्या." त्यामुळे हरलेला माणूस राग घेऊन घरी जात नसे.

एका वर्षी हंगामाच्या सुरुवातीलाच चेंडू अडवताना अलीकडच्या काठावरच्या राजाच्या गोलरक्षकाचा गुडघा मोडला. राजाने त्याचा शिधा बंद केला.

"जो खेळत नाही, त्याला पोसायचं कशाला?"

संघाचा म्होरक्या पुढे झाला. "महाराज, त्याचा पाय तुमच्यासाठी मोडला. त्याला शिधा मिळेपर्यंत आम्ही खेळणार नाही."

गोलरक्षक कळवळला. "अरे, माझ्यापायी खेळ बंद पाडू नका रे!"

"तू गप पड," म्होरक्या म्हणाला. "आज तुझा गुडघा, उद्या माझा."

सामने थांबले. लोक नदीवर येत आणि रिकामी वाळू बघून परत जात. राजा हटेना, खेळाडूही हटेनात.

शेवटचा सामनाही बुडाला असता, तर पाणी हातचं गेलं असतं. राजाने शिपाई उतरवायचं ठरवलं. "चेंडूला लाथच तर मारायची आहे!"

गोलरक्षक काठी टेकत दरबारात आला. "सरकार, शिपायांना खेळवा. पण आधी त्यांना वाढायला शिकवा."

राजा हसला. "माझे शिपाई काय वाढपी आहेत?"

शिपाई धक्काबुक्की करून जिंकले. पलीकडच्यांनी ते गिळलं आणि रीतीप्रमाणे ते पानांवर येऊन बसले. कुणी वाढेना.

"हरलात ना? मग जेवण कसलं मागता?" एक शिपाई खिदळला.

पाहुणे पानांवरून उपाशी उठले. नदी ओलांडून गेले.

उन्हाळ्याने वाळू तापायच्या आत लढाई पेटली. घरंदारं वाचवायला खेळाडूही गेले. म्होरक्या परतला नाही. संघातलं कुणीच परतलं नाही. पलीकडचे खेळाडूही नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात राजा एकटाच नदीवर आला. लंगडा गोलरक्षक वाळूत पानं मांडत होता, समोरासमोर दोन रांगा. शेजारी भाताचं पातेलं होतं.

"हे कुणासाठी?" राजाने विचारलं.

"आमच्या पोरांसाठी, सरकार. आणि त्यांच्याही."

राजा पातेल्याजवळ गेला. मग त्याने पळी उचलली आणि खाली वाकून एकेका पानावर भात वाढला.

"सावकाश होऊ द्या," तो म्हणाला.

समोर कुणीच नव्हतं.

बोध: आपल्यासाठी राबताना मोडलेल्या माणसाचा घास जो काढून घेतो, त्याच्या पंगतीला शेवटी कुणी उरत नाही.