काहिलीजवळची वही

“...आणि मनात तरी काही चालतं का हो तिच्या, तात्या? लग्नाला महिना झाला, नुसतं ‘हो’ आणि ‘बरं’.”

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हे माझ्याबद्दल सिदूतात्यांना सांगत होत्या. जेवणाची पाटी घेऊन मी चिपाडांच्या गंजीमागे पोचले होते. शिंक आली होती, गिळली.

सिदूतात्या इथल्या गुऱ्हाळाचे गुळवे. उकळता रस गूळ व्हायला आला की काहील नेमकी कधी उतरवायची, ते सांगणारे. जरा आधी उतरवली तर गूळ बसत नाही. जरा उशीर झाला तर करपतो. चाळीस वर्षं त्यांचं चुकलं नव्हतं. यंदा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणून माझे धाकटे दीर, धैर्यशीलभाऊजी, शिकायला बसले होते. शेतकी पदवीधर. हातात वही.

“जे शब्दांत सांगता येत नाही तात्या, ते माणसाला ठाऊकच नसतं. तुम्ही बोला, मी लिहितो.”

“बरं. लिही. फेस सोन्यागत होतो.”

“म्हणजे पिवळा की तांबूस?”

“...सोन्यागत.”

भाऊजींनी ‘पिवळा’ लिहिलं.

“मग बुडबुडे जड होतात.”

“किती जड?”

“पोटुशी बाई चालती, तसे.”

पेन थांबलं.

मी पुढे येऊन भांडी मांडू लागले.

माहेरी आमचंही गुऱ्हाळ होतं. ऊस कारखान्याला जायला लागला, तसं बंद पडलं. माझे वडील, आबा, मला काहिलीशेजारी बसवायचे. शिकवलं काहीच नाही. पण एक वेळ अशी यायची, की गप्पा मारणारे आपोआप गप्प व्हायचे. वास अंगावर यायचा. आबा नुसती मान हलवायचे...

सात वर्षांनी आज पुन्हा तो वास आला.

“आता, धैर्या?” तात्यांनी विचारलं.

भाऊजी पान उलटत होते. “थांबा... फेस पिवळा, हा झाला... बुडबुडे...”

“अरे, अख्खी काहील जाईल!” आत्याबाई ओरडल्या.

तात्या माझ्या दिशेला वळले.

“सूनबाई, बांगड्या का थांबल्या गं?”

मी मान हलवली, आबांसारखी. मोतीबिंदूला मान दिसत नाही, हे मागून सुचलं.

“तोंडानं बोल, पोरी!”

“उतरवा!”

गड्यांनी काहील उचलली.

निवायच्या वाफ्यात ओतलेला गूळ बसू लागला. तात्यांनी बोटभर चाखला, आणि पुन्हा बोट बुडवलं.

“वहिनी,” भाऊजींनी नवं पान काढलं, “कशावरून ओळखलंत? सांगा, लिहून घेतो.”

आत्याबाई, तात्या, गडी... सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

“वही मिटा, भाऊजी,” मी म्हटलं. “आणि इथं शेजारी बसा.”