साध्या स्पिरिटचे थेंब

“कॅन्सरच्या पेशी मेल्या ना, बाई? मग आता थांबायचं कशाला?”

वत्सलाबाई सूक्ष्मदर्शकातून बघत होत्या. डोळा न काढता म्हणाल्या, “मेल्यात खऱ्या.”

प्रयोगशाळेत कुंदा त्यांच्या हाताखाली शिकत होती. लाल माठाच्या पालेभाजीचा रंग काढून तिनं इवल्या वाट्यांतल्या पेशींवर घातला होता. शेजारच्या वाट्यांत काहीच घातलं नव्हतं. तिथल्या पेशी मजेत होत्या.

“मोठमोठ्यांना जमलं नाही, ते आपल्या माठानं केलं!” कुंदा म्हणाली. “दादाला सांगून टाकलंय, उद्या सलाईनला जाऊ नकोस. घरी हेच देते.”

तिच्या दादाला तोच आजार होता. केमोची सलाईन घेतली की चार दिवस अन्न बघवत नसे त्याला.

बाईंनी सूक्ष्मदर्शकातून डोळा काढला.

“रंग कशात काढलास गं?”

“स्पिरिटमध्ये.”

“माठ धुताना पाणीसुद्धा लाल होतं की.”

“स्पिरिटमध्ये लवकर उतरतो, बाई.”

“लवकर...”

बाईंनी साधं स्पिरिट घेतलं. रंग नाही, काही नाही. कुंदानं घातले होते तेवढेच थेंब त्यांनी जिवंत पेशींच्या एका वाटीत सोडले.

“अहो बाई! चांगल्या जगत होत्या त्या!”

“चहा ठेव.”

चहा झाला. दोघींनी कपही विसळून ठेवले.

“आता बघ.”

कुंदानं बघितलं. पुन्हा बघितलं. मघाशी तळाला धरून बसलेल्या पेशी गोल होऊन तरंगत होत्या. रंगाच्या वाटीत होत्या, अगदी तशाच.

“म्हणजे... माझा रंग खोटा?”

“त्याला कुठं विचारलंय आपण अजून? आत्तापर्यंत स्पिरिटच बोलत होतं.”

“मग पाण्यात काढते. आणि साध्या पाण्याचीही एक वाटी ठेवते शेजारी.”

“अंगातल्या चांगल्या पेशींचीही ठेव. त्यांचं काय होतं, तेही कळू दे.”

कुंदानं मान हलवली. मग तिचा चेहरा एकदम उतरला.

“पण बाई, याला किती दिवस जातील... दादाला आज काय देऊ मी?”

टेबलाखाली माठाची एक जुडी उरली होती. बाईंनी ती झटकली आणि तिच्या हातात दिली.

“भाजी कर. उद्या सलाईनला जायचंय त्याला, उपाशी नको.”