तिसऱ्या स्विचची वायर

घाटाच्या पायथ्याला भैरेवाडी नावाचं गाव होतं आणि त्या गावात धोंडीराम लोहार नावाचा एक दमलेला माणूस होता. आता दमलेली माणसं काय, गावोगाव असतात. त्यांच्या गोष्टी सांगत बसलं तर सांगणाराही दमायचा. पण हा गाड्यांची वायरिंग करायचा, आणि त्याच्या दमण्याचा भोग दुसऱ्याच कुणाच्या तरी वाट्याला आला, म्हणून सांगायचं.

तीस वर्षं तो रस्त्याकडेच्या त्याच पत्र्याच्या दुकानात बसत होता. ट्रॅक्टर, टेम्पो, जीप, जे येईल त्याची लाइट लावून द्यायचा. "धोंडीमामानं हात लावलाय ना? मग बघायला नको," असं घाटातले ड्रायव्हर म्हणायचे. ते उगाच नाही. धोंडीरामाची एक पद्धत होती. काम झालं की तो लाइटी चालू करायचा, नव्यानं जोडलेली वायर मुठीत घट्ट धरायचा आणि डोळे मिटून शंभरपर्यंत आकडे मोजायचा. वायर थंड राहिली तर काम पास. जरा जरी कोमट लागली तर लोड जास्त झालाय असं समजून तो सगळं उकलायचा आणि पहिल्यापासून करायचा. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, शंभर म्हणजे शंभर.

त्या वर्षी साखर कारखान्याचा हंगाम तोंडावर आला होता. ट्रॉल्यांना मागचे लाल दिवे नसले तर रस्त्यावर सोडणार नाही, असा पोलिसांनी दम भरला होता. झालं! सगळी गर्दी धोंडीरामाच्या दारात. दिवसभर ट्रॉलीखाली उताणं पडायचं, डोळ्यांत माती घ्यायची, उठताना गुडघ्यावर हात टेकून "आई गं" म्हणायचं, की पुढची ट्रॉली तयारच. हाताखाली माणूस नव्हता. रात्री पाठ टेकली की ती सकाळी उचलायचीच इच्छा व्हायची नाही. त्याची बायको म्हणायची, "अवो, एक दिस दुकान बंद ठेवा की." तो म्हणायचा, "ठेवतो, ठेवतो." ठेवलं मात्र नाही. नाही म्हणणं त्याच्या स्वभावातच नव्हतं, आणि त्याला तो आपला चांगुलपणा समजायचा.

अशाच एका दुपारी, चारच्या सुमाराला, डॉक्टरीणबाई आल्या. वत्सला केसरकर त्यांचं नाव. गावात त्यांचा छोटा दवाखाना होता आणि दर गुरुवारी घाट चढून वरच्या सड्यावरच्या, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावरच्या, धनगरवाड्यांवर त्या औषधं घेऊन जायच्या. त्यासाठी त्यांनी चारही चाकं ओढणारी मोठी दणकट गाडी घेतली होती. नवीकोरी. मागच्या सीटवर खोक्यात चार लाइटी होत्या, ताटाएवढ्या.

"धोंडीमामा, घाटात धुकं असं उतरतं की गाडीचं नाक दिसत नाही," बाई म्हणाल्या. "या चार बसवून द्या. उद्या गुरुवार आहे."

"बसवतो की," धोंडीराम म्हणाला. त्याच्या अंगाचा पार भुगा झाला होता, पण तोंडातून तेच आलं.

"फार काम नाही म्हणे. कंपनीनं सोय करून ठेवलीय."

ते खरं होतं. गाडीच्या डॅशबोर्डावर कंपनीनं चार मोकळे स्विच दिले होते. पुढंमागं जादा लाइटी बसवायच्या झाल्या तर गाडीची फाडाफाड नको, म्हणून त्या स्विचांच्या वायरी आतून बॉनेटपर्यंत आणून, टोकांना टोप्या घालून सोडल्या होत्या. प्रत्येकीला आपापला फ्यूज. पहिल्या दोन स्विचांच्या वायरी जाड, भारी लाइटींसाठी. तिसऱ्या आणि चौथ्याच्या बारीक, किरकोळ दिव्यांसाठी. सगळं पुस्तकात चित्र काढून दाखवलेलं. आणि पुस्तक नसतं तरी धोंडीरामाला नुसत्या चिमटीत धरून वायरीची ताकद कळायची.

बाई गाडी ठेवून दवाखान्यात गेल्या. धोंडीरामानं लाइटी पुढच्या गार्डवर बसवल्या, नट आवळले आणि बॉनेटमध्ये डोकं घातलं. जाड वायरींची टोकं कुठं होती? पार मागं, बॅटरीच्या खाली, कोपऱ्यात. ती काढायची म्हणजे बॅटरी उचला, तिच्या खालचा ट्रे काढा, वाकून आत हात घाला. तासाभराचं काम. आणि बारीक वायरी? त्या अगदी पुढं, हाताशी, जणू वाट बघत पडलेल्या.

धोंडीराम बराच वेळ नुसता उभा राहिला. कंबर ठणकत होती. बॅटरीकडं बघूनच त्याला रडू यायची वेळ आली.

"कुठं एवढा लोड येतोय," तो स्वतःलाच म्हणाला. किती येतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्यानं चारही लाइटी तिसऱ्या स्विचच्या बारीक वायरीला जोडल्या आणि स्विच दाबला. लाइटी एकदा लखकन पेटल्या आणि फट्. फ्यूज उडाला. बिचारा फ्यूज, त्याचं काम त्यानं चोख केलं होतं. त्यानं सांगितलं होतं की बाबा रे, ही वायर एवढ्या ओझ्याची नाही. धोंडीरामानं डब्यातून दुप्पट ताकदीचा फ्यूज काढला आणि तिथं खोचला. आता लाइटी पेटल्या आणि पेटलेल्याच राहिल्या. समोरची भिंत भर उजेडात पांढरीफटक पडली.

मग त्यानं वायर मुठीत धरली. एक, दोन, तीन. वीसपर्यंत गेला आणि वायर कोमट लागली. तिसाला गरम. त्यानं मूठ सोडली. "इंजिनाची ऊब असंल," तो म्हणाला. इंजिन तर दोन तास बंद होतं! पण दमलेल्या माणसाला स्वतःची समजूत घालायला असलं काहीही पुरतं.

सहाला बाई आल्या. "झालं का मामा?"

"झालं," धोंडीराम म्हणाला. गाडी गेली. तो घरी जाऊन न जेवताच झोपला.

गुरुवार गेला. शुक्रवारी दिवस कलता कलता एक ट्रॅक्टर तीच गाडी दोरानं ओढत दुकानासमोर घेऊन आला. बाई ट्रॅक्टरवरून खाली उतरल्या. अंगावर कालचीच साडी, डोळे सुजलेले. धोंडीरामाच्या हातातली पक्कड हातातच राहिली.

"काय झालं, बाई?"

बाई बाकड्यावर बसल्या आणि सांगू लागल्या. गुरुवारी संध्याकाळी त्या सड्यावरून निघायच्या तयारीत होत्या. तेवढ्यात बिरू झोरे नावाच्या म्हाताऱ्याला आणलं. रानात गव्यानं धडक दिली होती, पायाचा चेंदामेंदा झालेला. बाईंनी पट्टी बांधली, त्याला मागं झोपवलं, त्याच्या सुनेला सोबत घेतलं आणि घाट उतरायला लागल्या. धुकं मिट्ट. चार लाइटी पेटवल्या, रस्ता छान दिसला. पहिली पाच-सहा वळणं झाली आणि बॉनेटमधून जळका वास आला. मग धूर. लाइटी गेल्या. त्यांच्याबरोबर गाडीचे मूळचे दिवेही गेले, कारण जळणारी वायर ज्या जुडग्यातून जात होती त्यातल्या बाकीच्या वायरीही तिनं वितळवल्या.

"बिरूची सून मोबाइलचा टॉर्च धरून गाडीपुढं चालली, मामा. सगळा घाट. मी तिच्या पाठीकडं बघत गाडी चालवत होते. पाऊण तासाच्या वाटेला तीन तास लागले. पायथ्याला गाडीच बंद पडली. दुसऱ्या गाडीनं शहरात नेईपर्यंत उशीर झाला. आज सकाळी त्याचा पाय गुडघ्याखाली काढला." बाईंनी गाडीकडं बघितलं. "लवकर आणला असता तर वाचवता आला असता, असं तिथले डॉक्टर म्हणाले."

धोंडीरामाला वाटलं, आता बाई आपल्याला बोलणार. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण बाई म्हणाल्या, "तुमचं काम चोख असतं, ते काय मला ठाऊक नाही? ही कंपनीच चोर. दाखवायला स्विच देतात आणि आत कचकड्याच्या वायरी घालतात. ते काही नको आता. त्यांच्या वायरी कापून टाका आणि थेट बॅटरीवरून लाइन घ्या. फ्यूजबीज काही नको मध्ये."

ट्रॅक्टरवाला लगेच म्हणाला, "तर काय! मामाच्या हातात खोट न्हाई. कंपनीच खोटी."

बघा, सुटका कशी आपल्या पायांनी दारात आली. धोंडीरामानं काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. कंपनी कुठं तरी लांब होती, ती काही भांडायला भैरेवाडीला येणार नव्हती. तीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. आणि खरं सांगायला ताकद लागते. ती त्याच्यात उरली नव्हती. आज दिवसभरात सात ट्रॉल्या झाल्या होत्या.

पण बाई फ्यूज नको म्हणत होत्या. आता गप्प बसलो तर पुढच्या खेपेला वायर नाही, गाडी पेटेल, आणि आत बाई असतील. हे त्याला लख्ख दिसलं.

"कंपनीची वायर चांगली हाय, बाई," तो म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच ओळखू आला नाही. "मी चुकीची जोडली. जाड वायर मागं होती. बॅटरी उचलायचा कंटाळा केला. बारकीला जोडली. फ्यूज उडाला तर मोठा घातला. वायर हाताला गरम लागली होती. तरी तुम्हाला झालं म्हणून सांगितलं."

ट्रॅक्टरवाल्यानं मान खाली घातली आणि दोर सोडायला गेला. बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पदरानं पुसलं.

"बिरूला हे मी काय सांगू?" त्या म्हणाल्या.

"मी सांगतो. उद्या शहरात जाऊन मीच सांगतो."

बाई उठल्या. आवाज कोरडा झाला होता. "ते तुम्ही बघा. आता ही गाडी नीट करा. जाड वायरीला जोडा, जशी जोडायची तशी. मी इथंच थांबते."

धोंडीरामानं गाडीकडं बघितलं. मग आपल्या हातांकडं बघितलं. हातातली पक्कड त्यानं खाली ठेवली.

"आत्ता न्हाई जमायचं, बाई," तो म्हणाला. "मी दमलोय. आत्ता केलं तर परत तसंच करीन. उद्याचा शहराचा फेरा झाला की परवा सकाळी ताज्या हातानं करतो."

तीस वर्षांत कुठल्याही गिऱ्हाइकाला त्यानं असं सांगितलं नव्हतं. आता बाई चिडणार, ओरडणार, असं त्याला वाटलं. पण बाई त्याच्याकडं बघतच राहिल्या.

"एवढंच बुधवारी म्हणायचं होतं, मामा," त्या हळूच म्हणाल्या. "माझी जुनी जीप दवाखान्यामागं उभी होती. मी ती घेऊन गेले असते."

आणि त्या पायीच दवाखान्याकडं निघून गेल्या. धोंडीराम बाकड्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

तात्पर्य: दमलो म्हणून काम अर्धं सोडलं तर ते उद्या पुरं करता येतं, पण न झालेल्या कामाला 'झालं' म्हटलं तर त्याचा भोग भलत्याच्या वाट्याला येतो.