केरोबाचं सोप्पं आणि रांगोळीचा मोर

पाय घ्या पांघरुणात आणि चुळबुळ बंद करा, मग सांगते. एकदा काय झालं, ठिपकेवाडी नावाच्या गावात रांगोळीला कान फुटले. फुटले म्हणजे दुखायला लागले नव्हे रे, उगवले.

त्या गावामागे एक डोंगर होता. त्यात पांढरा शिरगोळ्याचा दगड निघायचा. तो कुटला, चाळला की झाली रांगोळी. दिसायला आपल्यासारखीच, पण ही ऐकायची. देवळापुढच्या पटांगणात चिमूटभर टाकायची आणि तिला बोल सांगायचे. पुढे जा. वळ. थांब. पुन्हा तसंच कर. मग रांगोळी सुरसुर पळत सुटायची आणि आपली आपण वेल काढायची, कमळ काढायची. सांगितलंत तर ते कमळ मिटूनसुद्धा दाखवायची. आणि बरं का, हे बोल कुणी मुठीत झाकून ठेवायचे नाहीत. एकाने कमळ केलं की दुसरा त्याचेच बोल घेऊन त्यात भुंगा बसवायचा. तिसरी तो भुंगा आपल्या अंगणात न्यायची आणि त्याला गुणगुणायला लावायची. माझं का घेतलंस, असं कुणी विचारायचं नाही. घ्या, बदला आणि बदललेलं आम्हालाही दाखवा, असा तिथला रिवाज.

या पटांगणात सगळ्यांत जास्त बोल यायचे केरोबाला. उंच, हडकुळा, कानांवर केस असलेला म्हातारा. मनाने अगदी सोन्यासारखा. त्याला ना बायको, ना मूल. पण पटांगणात एक मोर होता. गावाने मिळून काढलेला, रांगोळीचा, चांगला बैलगाडीएवढा. संध्याकाळ झाली की तो उठायचा, पिसारा फुलवायचा आणि नाचायचा. नाचून दमला की केरोबाला खेटून बसायचा. केरोबाचा त्याच्यावर भारी जीव.

आता रांगोळीचंच अंग ते, वाऱ्याने थोडं थोडं उडणारच. म्हणून रोज कुणीतरी येऊन मोराला नवी रेघ द्यायची. आणि हात रोज वेगळा हवा. एकाच हाताच्या रेघा त्याच्या अंगी लागायच्या नाहीत.

मग काय झालं, हळूहळू माणसं येईनाशी झाली. आधी मोराचा तुरा उडाला. मग पाय पुसट झाले आणि बिचारा लंगडायला लागला. मग अर्धा पिसारा गेला आणि नाच बंद पडला. केरोबाला घास गिळवेना. असंच चाललं तर एक दिवस मोर वाऱ्याबरोबर कायमचा निघून जाणार, हे त्याला कळत होतं.

मग त्याने काय केलं? पदर खोचला. त्याला कुठला पदर? धोतर खोचलं, हो, धोतर. हसू नका. धोतर खोचलं आणि सगळ्या रेघा स्वतःच काढल्या. काय सुबक, काय तलम! तेवढ्यात वारा आला, फू केलं, आणि सगळं गेलं.

मग त्याने दवंडी पिटवली. मोराला रेघ द्यायला या, बेसनाचे लाडू मिळतील. आख्खं गाव लोटलं. लोकांनी लाडू खाल्ले, बोटं चाटली, मोराकडे बघून चुकचुकले आणि घरी गेले. रेघ एकानेही काढली नाही. लाडू मात्र छान झाले होते म्हणे.

मग केरोबाने पायांत वहाणा चढवल्या आणि घरोघर निघाला. कुंभार म्हणाला, माझे हात कायम मातीचे, मोर मळायचा. शिंपीणबाई सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, अलीकडे मला मुळी दिसतच नाही. आणि केरोबा इतका भोळा, त्याला हे सगळं खरं वाटलं. शेवटी तो पोचला कासारांच्या घरी. त्यांची सून राही, नदीपलीकडच्या गावची, नवीन लग्न होऊन आलेली. पटांगणात ती एकदाच आली होती, पुन्हा फिरकली नव्हती. तिने पाणी दिलं, गूळ दिला, पण कारण काही सांगेना. मग तिने केरोबाचं तोंड बघितलं. इतकंसं झालं होतं ते. तिला दया आली.

"तात्या, तुम्ही वाईट काही बोलला नाहीत," ती म्हणाली. "मी अडले, तेव्हा तुम्ही म्हणालात, अगं, सोप्पं तर आहे. मला ते येत नव्हतं. सोप्पं असून येत नाही, म्हणजे मी ठोंबीच की. मग कशाला यायचं?"

केरोबा ओट्यावर मटकन बसला. कुंभाराला तो हेच म्हणाला होता. शिंपीणबाईलाही. जो जो अडला, त्याला त्याला. आणि त्याला वाटायचं, आपण धीर देतोय! त्याला रडूच आलं. आलं तर आलं, म्हातारी माणसंही रडतात.

"चुकलं माझं, पोरी," तो म्हणाला. "रेघ राहू दे. मोराला नुसती भेटून जा, फार दिवस नाहीत त्याचे."

मग दुसऱ्या दिवशी राही आली. मोराची दशा बघून तिला राहवेना. खाली बसली, चिमूट घेतली. म्हणाली, पुढे जा. रांगोळी गेली. मग म्हणाली, मुरड. रांगोळी जागच्या जागी थांबली. तिला वळ माहीत, मुरड कुठे माहीत? मागच्या वेळी राही इथेच अडली होती, आणि इथेच लोक फिदीफिदी हसले होते.

केरोबाची जीभ सवयीने वळवळलीच. "सो..." म्हणालीसुद्धा. राहीने मान खाली घातली. मोराने डोळे मिटून घेतले. केरोबाने जीभ दातांखाली धरली, आणि तोंडातून निघालेला तो सो काही वाया जाऊ दिला नाही.

"सोबत बसू का तुझ्या?" तो म्हणाला. "मुरड म्हणजे कसं, ते मला सांग आधी."

राहीने बोटांनी करून दाखवलं. करंजीच्या काठाला घालतो ना आपण, ती मुरड. मग दोघांनी बसून रांगोळीला तो शब्द शिकवला. पहिल्यांदा सगळा मोरच करंजीसारखा दुमडला आणि बदकासारखा दिसायला लागला. राहीच आधी खुदकन हसली. मग केरोबा हसला. दुसऱ्यांदा मोराच्या मानेला गाठ बसली. ती सोडवता सोडवता दोघांची पुरेवाट झाली. तिसऱ्यांदा मात्र एका पिसाच्या काठाला बारीक, नाजूक मुरड पडली. तेवढ्यात वारा आला. त्याने फू केलं, पुन्हा फू केलं. पीस काही हललं नाही. करंजीतलं सारण सांडतं का कधी? तसंच ते.

त्यांचं हसणं ऐकून कुंभार डोकावला. मातीच्या हातांनीच बसला, आणि मोराला मातकट पाय मिळाले, चांगले दणकट. शिंपीणबाई आली. सुईदोरा दिसायचा, पण लांबचं खरंच कमी दिसायचं हो तिला. ती बोल सांगायची आणि रेघ कुठवर गेली ते केरोबा तिला सांगायचा. मग नदीपलीकडची माणसं आली, डोंगरापलीकडची आली. ज्याचा त्याचा शब्द वेगळा, आणि रांगोळी सगळे शिकली. केरोबाच्या जिभेवर अधूनमधून यायचंच सोप्पं. अशी जाते का सवय? पण "सो" झालं की तो चटकन कुणाच्या तरी शेजारी जाऊन बसायचा.

मग एका संध्याकाळी मोर उठला. तुरा ताठ, पाय भक्कम, आणि पिसारा इतका मोठा की देवळाचा कळस झाकला. नाचला, नाचला, धूळ उडेस्तोवर नाचला. एक वाटसरू उभा राहून बघत होता. त्याने विचारलं, हा मोर केला कुणी? केरोबा सांगायला लागला. हे पीस राहीचं, ते पाय कुंभाराचे, तो डोळा शिंपीणबाईचा, ते पलीकडचं... चांदणं पडलं, वाटसरूला तिथेच झोप लागली, तरी केरोबाची नावं काही संपेनात.

तो अजून सांगतोच आहे. तुम्ही मिटा बघू डोळे. ऐकता ऐकता झोप लागेल.