मिशा कुणाच्या?

त्रिंबकपंत न्यायाधीशांना हजारभर श्लोक पाठ होते, आणि त्याचा तोराही तेवढाच होता. एकदा ते नदीपल्याडच्या गावी निवाड्याला आले. पाटलाचा बैल चोरल्याचा आळ भिकू धनगरावर होता. बैल दावं तोडून आपणहून नदीत उतरला, हे एकट्या गोजराबाईनं पाहिलं होतं. ती साक्षीला उभी राहताच पंत हसले.

"बायकांना चुलीपलीकडचं काय आठवणार? पुरुषाची आठवण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!"

भिकूचं तोंड उतरलं. गोजराबाईनं शांतपणे विचारलं, "मग सरकार, सकाळी तुम्हाला नदीपार कुणी आणलं?"

"नावाड्यानं! डोक्यावर घोंगडं, पिळदार मिशा, चांगला आडदांड गडी होता."

चावडीत खसखस पिकली.

"नाव मीच वल्हवली, सरकार," गोजराबाई म्हणाली. "घोंगडंही माझंच होतं. मिशा तेवढ्या तुम्ही घरून आणल्यात."

पंतांचा स्वतःच्या मिशीवरचा हात हळूच खाली आला, आणि मग तेही पोट धरून हसले. साक्ष झाली, भिकू सुटला.

परतताना नावेत पाय ठेवण्याआधी पंतांनी घोंगड्याखाली वाकून पाहिलं. "गोजराबाई, तूच ना गं?"