कोंबडीचं श्रुतलेखन

"…म्हणजे गुरुजी, हिच्या कानातच काही दोष असेल का हो?"

सोमवार होता. दुपारचे सव्वाचार वाजले होते. सगळं इथूनच सुरू झालं म्हणून वेळ ध्यानात राहिली.

नाईकवाडे गुरुजी अंगणात पोत्यावर बसून चिंचा फोडत होते. पहिली ते चौथी मला त्यांनीच शिकवलं. पुढं सातवीला माझी शाळा सुटली, पण आजही चार ओळी लिहायच्या म्हटलं तर हात अडत नाही, तो त्यांच्यामुळं. आता ते निवृत्त होऊन घरीच असतात. भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्यात.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"गडहिंग्लजला नेऊन आणलं. कान चांगले आहेत म्हणाले."

"मग मी काय डॉक्टरपेक्षा मोठा?"

"तसं नव्हे गुरुजी…"

माझी ईश्वरी दुसरीत आहे. शाळेत नव्या बाई आल्यात. त्या रोज श्रुतलेखन घालतात. त्यांनी सांगायचं, पोरांनी ऐकून लिहायचं. ईश्वरी वही कोरी घेऊन घरी येते. गेल्या आठवड्यात बाईंनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. तेव्हापासून शाळेचं नाव काढलं की ती सोप्यातल्या खांबाला मिठी मारून बसते. सोडवता सोडवत नाही.

हे सगळं मी एका दमात सांगितलं.

"असंच चाललं तर हिची शाळा सुटेल, गुरुजी. माझी सुटली ती सुटली. हिची…"



गुरुजींनी एक चिंच फोडली. चिंचोके एका बाजूला, गर एका बाजूला.

"घरी लिहिते?"

"घरी? घरी घडाघडा लिहिते! रोज दिवेलागणीला मी स्वतः घालते. एक चूक सापडायची नाही. शेवटी तुमच्याच हाताखालची मी. माझी तरी कधी चूक निघायची का?"

"निघायची," गुरुजी म्हणाले. "घाल बघू."

ईश्वरी खुराड्यापाशी उकिडवी बसली होती. मी हाक मारली. ती आली, वही मांडीवर घेतली, मान खाली घातली. मी पुस्तक उघडलं. सशाचा धडा.

"ससा झुडपाआड लपला," मी म्हणाले.

पेन्सिल पळाली.

"त्याने कान टवकारले."

पेन्सिल पळाली. मला मनातून बरं वाटलं. बघा म्हटलं गुरुजी.

गुरुजींनी चिंचेनं माखलेला हात वर केला.

"रेश्मा, आता तू गप्प बस."

मी गप्प बसले…

पेन्सिल थांबली नाही.

गवतातून कोणीतरी येत होते. सशाने उडी मारली. तो बिळात शिरला. एकेक ओळ वहीवर उतरत होती. काना, वेलांटी, सगळं जागच्या जागी. अंगणात कुणी काही सांगत नव्हतं, आणि माझी पोर लिहीत होती.

माझ्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं.

"रोज हाच धडा घालतेस?"

"पक्का व्हावा म्हणून…"

"झालाय की पक्का. तिला आता तू लागत नाहीस."

ईश्वरीनं धडा संपवला, खाली रेघ मारली आणि वही माझ्यापुढं धरली. तपासायला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"मी तुम्हाला काय घालायचो?" गुरुजींनी विचारलं. "आठवतं?"

न आठवायला काय झालं? शनिवारची सकाळची शाळा. नुकती सारवलेली जमीन, तिचा ओला वास. पाट्या पुसून तयार. गुरुजी वाक्य एकदाच म्हणायचे आणि दारात जाऊन आमच्याकडं पाठ करून उभे राहायचे. शेवटच्या पोराची पेन्सिल वाजायची थांबली की मगच वळायचे. वर्ग असा शांत की, कौलावरून चिमणी चालली तरी कळायचं.

"तुमची वाक्यं पुस्तकातली नसायची," मी म्हणाले.

"मग कुठली?"

"आमचीच. 'रंगूच्या शेळीला दोन पिल्लं झाली.' 'बंड्याने चुलत्याचा सदरा घातला आहे.' कुणाचं नाव येईल म्हणून आम्ही श्वास धरून बसायचो. एकदा माझं आलं होतं…"

"काय?"

"'रेश्माने आज स्वतःची वेणी स्वतः घातली.'"

बोलले आणि माझे डोळे भरून आले. आई माहेरी गेली होती, आणि मी पहिल्यांदाच वेणी घातली होती. वाकडीतिकडी. घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ते वाक्य मी पाटीवरून पुसायलाच तयार नव्हते. पाटी उराशी धरून घरी नेली होती.

गुरुजी ईश्वरीकडं वळले.

"लिही गं. 'आजोबांची कोंबडी एकच डोळा मिटून झोपते.'"

ईश्वरीची मान झटकन वर आली.

गुरुजींनी तिच्याकडं पाठ केली आणि चिंचा फोडायला लागले.

ती खुराड्याकडं बघून हसली. मग ओठ हलवत वाक्य स्वतःशीच म्हणाली. पेन्सिल टेकवली… उचलली… पुन्हा टेकवली. कितीतरी वेळ लागला. मी मधेच सांगायला तोंड उघडलं. गुरुजींनी मागं न बघताच एक चिंच माझ्यापुढं धरली. मी ती तोंडात टाकली. अशी आंबट की बोलणंच बंद.

ईश्वरीनं वही पुढं केली. वाक्य पुरं होतं. 'कोंबडी'वरचं टिंब हरवलं होतं, 'झोपते' खालच्या ओळीत घसरलं होतं. माझा हात आपसूक खोडरबराकडं गेला.

"राहू दे आज," गुरुजी म्हणाले.

"आजोबा, ती एका पायावर पण उभी राहते," ईश्वरी म्हणाली.

"मग ते कोण लिहिणार? मी?"

ती पुन्हा वहीत वाकली. कुणी न सांगता.

"पण गुरुजी," मी हळूच विचारलं, "त्या कोंबडीचं तुम्हाला एकदम कसं सुचलं?"

"मला कुठलं सुचतंय? तीच म्हणाली."

"कधी?"

"तू तिच्या कानांचं सांगत होतीस तेव्हा."

चिंचेचा चोथा तोंडात तसाच होता.

थोड्या वेळानं मला दुसरंच आठवलं. मधल्या सुट्टीत आम्ही पोरं हौदापाशी जमायचो. गुरुजीही तिथं यायचे. वाकून ओंजळीनं पाणी प्यायचे, सावकाश, किती तरी वेळ. आम्ही आमच्या गप्पांत. कुणाची शेळी, कुणाचा सदरा. पोरं म्हणायची, गुरुजींना तहान लई.

"गुरुजी… तुम्ही रोज सुट्टीत हौदावर यायचात."

"यायचो की."

"आता हौद नाही. नळाची टाकी बसवलीय."

"बरं झालं."

ईश्वरीनं वही मिटली. पेन्सिल कानामागं खोचली आणि गुरुजींसमोर उभी राहिली.

"आजोबा, उद्या बाई कोंबडीचं घालतील?"

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

गुरुजी उठले. हात धुतले, धोतराला पुसले.

"रेश्मा, उद्या हिला सोडायला तू स्वतः जा. नव्या बाईंना माझा नमस्कार सांग. आणि एक निरोप दे."

"काय सांगू?"

"म्हणावं, सुट्टीत टाकीपाशी येऊन पाणी पीत जा. तहान नसली तरी."