शिरज्याच्या मैदानावरचा घास

शिरजाईच्या डोंगराच्या पायथ्याशी शिरजे गावचं कॉलेज आहे, आणि कॉलेजच्या मागे बास्केटबॉलचं मैदान. तिथे रेषेच्या बाहेर, पाहुण्या संघाच्या अंगाला, एक बसका काळा दगड आहे. सामन्याच्या दिवशी त्या दगडावर केळीच्या पानात दहीभाताचा घास ठेवतात. कावळे येतात, खातात, उडून जातात. त्यांना कुणी हाकलत नाही. बाहेरगावची माणसं नवलानं विचारतात, “अहो, खेळाच्या जागी हा घास कुणाच्या नावचा?” मग शिरज्याच्या जुन्या बायका पदर सावरून सांगायला बसतात.

फार वर्षांपूर्वी, असं सांगतात, या कॉलेजात रंगनाथ पिसाळ नावाचे सर होते. शिकवायचे भूगोल, पण जीव सगळा बास्केटबॉलात. मैदान तेव्हा मुरमाचं होतं. सर पहाटे स्वतः पाणी मारायचे, धुमसानं जमीन चोपून सपाट करायचे आणि मग पोरांना उठवायला घरोघर जायचे. नदीपलीकडच्या पेठेत दुसरं कॉलेज होतं, तिथे मोहिते सर. दोघांचं वैर पंचक्रोशीत गाजलेलं. विभागाची ढाल दरसाल पेठेला जायची आणि दरसाल पिसाळ सर म्हणायचे, “मोहिते, तुझी पोरं ताडासारखी उंच आहेत, पण ताडाला सावली नसते.” मोहिते सर हसून म्हणायचे, “सावलीत बसायला तुझी पोरं आहेतच की!”

पिसाळ सरांच्या पत्नी वत्सलाबाई. पदरी मूलबाळ नाही. संघातली पोरंच त्यांच्या चुलीशी वाढली. त्यांनी त्या ढालीसाठी शिरजाईचे मंगळवार धरले होते. एका मंगळवारी त्या देवीपुढे पुटपुटल्या, “आई, त्या पेठेच्या पोरांचा नेम चुकू दे.” ते नेमकं मागे उभ्या असलेल्या सरांनी ऐकलं. सर बायकोवर कधी रागवायचे नाहीत; त्या दिवशी रागावले.

“असलं मागत जाऊ नको हो. त्यांचा नेम चुकला म्हणून मी जिंकलो, तर जिंकलो कुणाला?”

वत्सलाबाईंनी कान धरले. तेव्हापासून त्या नुसता दिवा लावायच्या आणि काही न मागता परत यायच्या.

मग एका वर्षी शिरजे अंतिम सामन्यात पोचलं, तोही घरच्या मैदानावर, समोर पेठ. गावात दिवाळीसारखी लगबग. आणि सामना चार दिवसांवर असताना, मैदानावर पाणी मारता मारता, पिसाळ सर खाली बसले ते उठलेच नाहीत.

संघाचा कप्तान हणमंत जगदाळे. त्यानं डोकं भादरून घेतलं. म्हणाला, “बाप गेलाय. आम्हाला सुतक आहे.” मग सगळ्याच पोरांनी केस उतरवले, मुलाण्याच्या रशीदनंसुद्धा. सुतकात मैदानावर पाय ठेवायचा नाही, असं ठरलं. सामन्याच्या दिवशी पेठेचा संघ आला, वाट पाहून परत गेला. नियमाप्रमाणे स्पर्धेच्या समितीनं ढाल पेठेला दिली. पोरांना वाटलं, आपण सरांचा मान राखला. भोळी पोरं! सरांना काय आवडलं असतं, हे दुःखात कुणाला सुचलंच नाही.

दहाव्या दिवशी घाटावर सगळं गाव लोटलं. सरांच्या पुतण्यानं पिंड ठेवला. पिंपळावर कावळे होते, पण एकही खाली येईना.

गुरुजी म्हणाले, “काहीतरी इच्छा राहिली आहे. बोला.”

पुतण्या म्हणाला, “काकींना मी अंतर देणार नाही.” कावळा हलला नाही. हणमंत पुढे झाला, हात जोडून म्हणाला, “सर, पुढच्या वर्षी ढाल आणतो, आईशप्पथ!” कावळ्यानं मान वळवली. ऊन चढलं. बायका डोळे पुसू लागल्या. वत्सलाबाई पायरीवर बसून पिंपळाकडे बघत होत्या. माणूस असा अडकून राहिला तर उरलेला जन्म मी कसा काढू, एवढाच विचार त्यांच्या मनात.

तेवढ्यात गर्दीतून मोहिते सर आले. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. त्यांनी ते पिंडाशेजारी उघडलं, तर ढाल! म्हणाले, “घे रे पिसाळ. ही तुझीच. मी मनापासून देतोय.” गाव गहिवरलं. आता तरी कावळा येईल, म्हणून सगळ्यांनी श्वास रोखला. खालच्या फांदीवरचा एक कावळा उडाला आणि उलट वरच्या फांदीवर जाऊन बसला, म्हणे.

गुरुजींनी हताश होऊन दर्भ हातात घेतला. कावळा येत नसला की दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात. वत्सलाबाई उभ्या राहिल्या. “थांबा गुरुजी,” म्हणाल्या. चारचौघांत त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

“भावजी, ती ढाल उचला आधी. दिलेली ढाल त्यांना चालायची नाही. ह्या पोरांचं वचनही नको आहे त्यांना. तुमचं हवं आहे.”

“माझं? सांगा वहिनी. काय म्हणू?”

“सामना खेळीन म्हणा. आणि ह्यांची पोरं पोरकी झाली म्हणून हात राखून खेळणार नाही, असं म्हणा.”

मोहिते सरांचा चेहरा पालटला. ढाल उचलून त्यांनी काखेत मारली आणि पिंपळाकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाले, “ऐक रे पिसाळ! तेरावं झालं की मी संघ घेऊन येतो. सूट देणार नाही! तुझ्या पोरांना लोळवीन, नाहीतर सरळ हरेन!”

शब्द संपले न संपले तोच सगळ्यांत वरच्या फांदीवरून कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला. घाटावर रडणं आणि हसणं एकदमच उसळलं.

समितीवाले म्हणाले, आता निकाल लागला, फेरसामना नाही. मोहिते सर म्हणाले, “मग निकाल तुमचा, सामना आमचा.” आणि चौदाव्या दिवशी पेठेचा संघ होडीतून नदी उतरून आला.

तो सामना काय वर्णावा! मोहिते सरांनी शब्द पाळला. आपली तीन उत्तम पोरं एकट्या हणमंतावर घातली. पण शिरज्याची सगळीच डोकी तुळतुळीत. पेठेच्या पोरांना कोण कुठला कळेना. मोहिते सर रेषेवरून ओरडत होते, “नंबर बघा गाढवांनो, डोकी काय बघता!” लोक हसून लोटपोट. मध्यंतरानंतर मात्र पेठेनं जोर धरला. हणमंतच्या बरगडीत कोपर बसलं. वेळ संपत आली तेव्हा शिरजे एका गुणानं मागे होतं.

चेंडू हणमंतकडे आला. तिघांनी त्याला कोंडलं. सगळं गाव ओरडत होतं, “मार! मार!” पण पिसाळ सर सरावात एकच गोष्ट घोकून घ्यायचे: चेंडू ज्याच्या हातात आहे त्याच्यापेक्षा ज्याचे हात रिकामे आहेत तो मोठा. हणमंतनं उडी मारली, तिघं उडाले, आणि त्यानं चेंडू खालून, त्यांच्या पायांमधून, रशीदकडे सरकवला. रशीद एकटा उभा होता. त्यानं नीट, घाई न करता, फेकला. चेंडू जाळीतून सुळकन उतरला आणि शिट्टी झाली.

शिरजे जिंकलं! हलगी कडाडली, गुलाल उडाला, त्या सगळ्या तुळतुळीत डोक्यांवर तो असा बसला की शिरजाईच्या देवळातले शेंदूर फासलेले गोल दगड, तिचे तांदळेच, मैदानात नाचतायत असं वाटलं. मोहिते सरांनी ढाल स्वतःच्या हातानं हणमंतला दिली आणि वत्सलाबाईंसमोर येऊन उभे राहिले.

“सूट दिली नाही हो, वहिनी.”

“बघितलं मी. पोराच्या बरगडीत कोपर गेलं तेही बघितलं,” त्या म्हणाल्या. “आता हात धुवा. जेवल्याशिवाय नदी ओलांडायची नाही.”

पहिला घास त्यांनी मैदानाकडेच्या दगडावर ठेवला आणि मग पानं वाढली. हरलेल्यांना आधी, जिंकलेल्यांना मागून. त्या दिवसानंतरही वत्सलाबाईंनी मंगळवार सोडले नाहीत. दिवा लावून त्या देवीला एवढंच सांगायच्या, की समोरच्याला बळ दे.

आजही शिरज्याच्या मैदानावर कुणीही खेळायला आलं की पाहुण्यांचे सर आधी त्या दगडाशी जातात, घास ठेवतात आणि म्हणतात, “सूट देणार नाही.” शिरज्याचे सर उत्तर देतात, “मागणार नाही.” आता मुलींचे संघही हेच म्हणतात. कुणी नवखे लाजून तोंडातल्या तोंडात पुटपुटले, तर पंच शांतपणे सांगतात, “सर, जरा मोठ्यानं. वरपर्यंत जायला हवं.” मग ते पोटातून म्हणतात, आणि तेव्हाच शिट्टी वाजते.